तेग्विनची गाडी आणि मेन्नाच्या गप्पा

डोंगरातल्या पेन्वेर्न गावात तेग्विनला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि त्याच्या शिव्या खाल्ल्या नाहीत असाही नाही. उभी हयात त्यानं खाणीतला, छपरांना लागणारा पाटीचा दगड लॉरीतून खाली बंदरावर नेला. पुढे खाण बंद पडली. मग बँक गेली, शाळा गेली, शेवटी शहराकडे जाणारी बसही गेली. गावात उरली म्हातारी माणसं, मेंढ्या आणि पाऊस, आणि त्यातल्या त्यात बरं चाललं होतं ते मेंढ्यांचं.

मग आयर्लिसबाईंनी कंबर कसली. बंद पडलेल्या शाळेच्या या मुख्याध्यापिका. प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत त्यांनी सगळ्यांना चहाला बोलावलं आणि चहा संपायच्या आत गावाची संस्था काढली. लोकांनी भाग घेतले, बंद पडलेला दारूचा गुत्ता विकत घेऊन त्याचं छप्पर स्वतः शाकारलं. बँकेच्या इमारतीत बेकरी आली. तिजोरीच्या खोलीत पिठाची पोती रचली, तेव्हा तेग्विन म्हणाला होता की या खोलीत गावाच्या उपयोगाची वस्तू पहिल्यांदाच आली. आणि संस्थेनं एक जुनी बस घेतली. ती वजनाला जड. तरण्या लोकांच्या परवान्यावर तसली गाडी चालवता येत नाही, जुन्या परवान्यावर येते. तसा परवाना असलेला आणि हातपाय धड असलेला गावात एकटा तेग्विन.

त्या गाडीवर किती जणांचा जीव होता ते इद्वालला विचारावं. इद्वाल त्याचा खाणीतला सोबती. मूत्रपिंडं निकामी झालेली, आठवड्यातून तीनदा शहरातल्या इस्पितळात डायलिसिस. गाडी नसती तर त्याला गाव सोडून शहरातल्या वृद्धाश्रमात जावं लागलं असतं. तो म्हणायचा, "तिथं जाण्यापेक्षा मला आपल्या खाणीत ढकला. ती निदान ओळखीची आहे."

आणि नेमकी याच वेळी तेग्विनची नजर जायला लागली. तीही विचित्र तऱ्हेनं. कडेचं सगळं दिसायचं, दोन्ही बाजूंची कुंपणं, ओढा, दगडी भिंती, आणि बरोबर मधोमध मात्र कुणी ओला अंगठा फिरवल्यासारखा डाग. रस्ता त्याला पाठ होता. कुंपणं धरून तो गाडी नेई. पण रस्त्यात उभं कोण आहे, हे कुंपण थोडंच सांगणार?

ते सांगायची मेन्ना. पोस्टमनची ही विधवा ड्रायव्हरशेजारच्या जागेवर बसे. शहरात तिचं काडीचं काम नसे, पण एक फेरी चुकवायची नाही. आणि तोंड कसं, तर बसल्यापासून उतरेपर्यंत सुरू. "अगंबाई, वरच्या वाडीच्या मेंढ्या पुन्हा रस्त्यावर. हा दूधवाला बघ, पुलावरच गाडी लावून बसलाय. कोण बाई ही पोरगी, सायकलवरून अशी मधून चाललीय?" मागची माणसं म्हणत, बाई नाही, आकाशवाणी आहे. तेग्विन शब्दही बोलत नसे. मेंढ्या म्हटलं की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जाई. ती त्याचे डोळे आहे हे तिनं कधी म्हटलं नाही आणि त्यानंही नाही. दोघांपैकी एकानं जरी ते उच्चारलं असतं, तरी गाडी तिथंच थांबली असती.

एकदा मात्र त्यानं उच्चारलं. संस्थेची बैठक होती. चौकात गाड्यांचा वेग कमी व्हावा म्हणून रस्त्याच्या मधोमध पाटीच्या दगडाच्या मोठ्या फुलकुंड्या ठेवायचं ठरत होतं. तेग्विन उभा राहिला, टोपी हातात चुरगाळत म्हणाला, "बाई, माझी नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही. दुसरा ड्रायव्हर बघा."

आयर्लिसबाईंनी चष्मा काढून पुसला. "कुणाची राहिलीय, तेग?" त्या हसून म्हणाल्या. "पगारी ड्रायव्हरचं अनुदान वसंतात येईल. तेवढं रेट की बाबा." लोक हसले. इद्वाल सगळ्यात मोठ्यानं हसला. मग कुंड्यांत कुठली फुलं लावायची यावर बराच वेळ चर्चा झाली.

हिवाळ्यातल्या एका मंगळवारी मेन्ना आली नाही. छातीत कफ झाला होता. तिनं निरोप धाडला की आज जाऊ नकोस. पण इद्वाल काठी टेकत गाडीपाशी येऊन उभाच होता. डायलिसिसचा दिवस चुकला तर काय होतं ते तेग्विनला माहीत होतं. इद्वाल मेन्नाच्या जागेवर चढून बसला आणि म्हणाला, "चल, आज मी मेन्ना." आणि शहरापर्यंत तो खाणीतल्या एका आंधळ्या घोड्याच्या गोष्टी सांगत राहिला. रस्त्याबद्दल चकार शब्द नाही. तेग्विनला विचारायचीही सोय नव्हती, विचारलं की आपल्याला दिसत नाही ही कबुलीच. गाडी कशीबशी पोहोचली.

परतताना अंधारून आलं होतं. डायलिसिसनंतर इद्वालला नेहमी ग्लानी येई, तो मान टाकून झोपला होता. पोटावर आवळतो म्हणून पट्टा त्यानं लावला नव्हता. सकाळी मोकळा असलेल्या चौकात दुपारी कामगारांनी कुंड्या बसवल्या होत्या. तेग्विननं वळण घेतलं. डावीकडे बेकरीचा उजेड होता, उजवीकडे गुत्त्याची पाटी, दोन्ही आपापल्या जागी. मधोमध त्याला काहीच दिसलं नाही.

अपघातानंतर इद्वाल पाच दिवस जगला.

मेन्ना खोकत खोकत तेग्विनच्या घरी आली. तो स्वयंपाकघरात चूल न पेटवता बसला होता. पोलीस दुपारी जबाब घ्यायला यायचे होते.

"मी सांगणार आहे," ती म्हणाली. "मला माहीत होतं. तू भर बैठकीत सांगितलं होतंस, सगळ्यांनी ऐकलं होतं."

"आणि मग?"

"मग काय? खरं ते होईल."

"संस्थेला ठाऊक होतं म्हटल्यावर विमेवाले हात वर करतील. भरपाईपायी बेकरी विकावी लागेल, गुत्ता विकावा लागेल. पेन्वेर्नला पुन्हा कुलूप." तो थांबला. "स्टिअरिंगवर हात माझे होते, मेन्ना. तुझे नाही, बाईंचेही नाहीत."

"तुला तुरुंगात टाकतील रे, म्हाताऱ्या."

"तिथं निदान गाडी चालवायला सांगणार नाहीत."

ती हसली नाही. शालीच्या टोकानं तोंड दाबून तिनं खोकला आवरला आणि निघून गेली. पोलिसांना त्यानं सांगितलं की नजरेचं त्यानं कुणालाच कळू दिलं नव्हतं. आयर्लिसबाईंनीही सांगितलं की संस्थेला कल्पना नव्हती. मेन्नाकडे पोलीस गेले तेव्हा ती म्हणाली, मी बाई नुसत्या गप्पा मारत होते.

इद्वालला प्रार्थनाघरामागच्या दफनभूमीत पुरलं. नंतरच्या चहापानाला लोक तेग्विनशी नेहमीपेक्षा गोड बोलले. कुणी हात दाबला, कुणी चहाचा कप आणून दिला, पण डोळ्याला डोळा कुणी भिडवला नाही. भिडवला असता तरी त्याला कळलं नसतं. हॅमची सँडविचं आणि मनुकांचा केक संपत आला, तेव्हा इद्वालची बहीण मोर्विद त्याच्यासमोर येऊन बसली. आवाजावरून त्यानं तिला ओळखलं.

"एकच विचारायचंय, तेग. तुला दिसत नव्हतं, हे माझ्या भावाला माहीत होतं का?"

तेग्विनला बैठकीतलं इद्वालचं ते सगळ्यात मोठं हसू ऐकू आलं. सगळं ठाऊक असूनही तो माणूस दर फेरीला गाडीत चढून बसत होता.

"नाही," तेग्विन म्हणाला.

"मग बरं झालं," ती म्हणाली. "भीती तरी वाटली नसेल त्याला."