पावणेदोन मीटर

२० नोव्हेंबर २००७, मंगळवार. दिवसभर ढग, पाऊस नाही, वारा अजिबात नाही.

चेन्नईतल्या गिंडीच्या आमच्या युनिटमध्ये हॉस्पिटलच्या चादरी आणि पडदे तयार होतात. कापड कापतात खंडोजीमामा, मोजमाप लिहितो मी. मामांच्या कात्रीचे किस्से डायरीत एकेक करून शिरतात आणि मग रांगेत उभे राहून आपल्याकडे बघायला लागतात! आजचा लिहिण्याआधी मागचे लिहितो.

* * *

साडेसोळा मीटर कापड, पडदा सव्वादोनचा. मी भागाकार केला : सात पूर्णांक एक तृतीयांश.

"मामा, सात पडदे होतील, एक तृतीयांश मीटर उरेल."

"अय्यो! तिसरा भाग पडद्याचा, मीटरचा नव्हे. पाऊण मीटर उरेल."

मोजलं. पाऊणच! मी तुकडा कात्रणांत टाकणार, तोच मामांनी हात धरला. "ठेवा, सार. कोणीतरी मागेल."

दुपारी हॉस्पिटलचा फोन. एक छोटी खिडकी राहून गेली होती. कापड किती? पाऊण मीटर!

* * *

मामा तंजावरकडचे. घरात मराठी, पण आकडे तमिळमध्ये. आमच्या मोजणीवर त्यांचा जुना राग.

"सव्वातीन तिनापेक्षा मोठें, साडेतीन मोठें. मग पावणेतीनच धाकटें कां? त्यानं काय पाप केलं? आम्ही मूणेमुक्काल म्हटलं की तीन आणि वर पाऊण. सरळ!"

म्हणून माप सांगितलं की मी ते पाटीवर आकड्यांतही लिहायचो. रोज.

* * *

दहा मीटरचा तागा, सव्वा मीटरचे बाजूचे पडदे, आठ बेडसाठी आठ. मामांनी सात कापले आणि कात्री खाली ठेवली.

"आठवा?"

"हात चालत नाही, सार."

मालक आले, चिडले. "मामा, आणखी एक चूक झाली की कात्री माझ्या टेबलावर!" मामांची बायको दोन वर्षं बिछान्यावर आहे. घर त्या कात्रीवरच चालतं.

संध्याकाळी फोन आला. "सातच पाठवा. आठवा बेड सकाळी रिकामा झाला."

मालकांनी आपला शब्द मागे घेतला नाही.

* * *

आज. पांढऱ्या कापडाचा एकवीस मीटरचा तागा. तपासणीच्या टेबलांसाठी पावणेदोनच्या चादरी, म्हणजे बरोबर बारा. मी घाईत होतो. "मामा, पावणेदोन!" एवढंच ओरडलो. पाटीवर लिहिलं नाही.

अर्ध्या तासाने आलो तेव्हा कापून झालं होतं. मामांनी दोनवर पाऊण घेतलं होतं. पावणेतीन मीटरच्या सात चादरी! उरलेला तुकडा मोजला : पावणेदोन.

"माझी चूक, मामा. मी सांगतो मालकांना."

"तुम्ही बोललात, हात माझा चालला," मामा म्हणाले आणि कात्री पुसून स्वतःच मालकांच्या टेबलावर ठेवून आले.

मालक ओरडायला उठले, तेवढ्यात फोन वाजला. स्पीकर चालू होता. हॉस्पिटलच्या स्टोअरमधल्या बाई धापा टाकत होत्या.

"टेबलाच्या चादरी राहू देत, सार. मोठ्या आहेत का? डोक्यापासून पायांपर्यंत झाकतील अशा? आत्ता लागतात."

"किती?" मालकांनी विचारलं.

"सात." मग मागे कोणाला तरी विचारून, "आणि एक लहान."

चलन : मोठ्या सात, लहान एक. शिल्लक शून्य. मालकांनी कात्री मामांच्या हातात दिली.