सिंधुकाकूची मुरुमं

लातुरात क्लासच्या पोरींना सिंधुकाकूच्या मेसमध्ये भाकरी हवी तेवढी मिळायची अन् वर शिव्या फुकट. एका साली काकूच्या हनुवटीवर मुरुमं उठली, अन् चाळिशीला टेकलेली ही बाई आरशापुढं उभी राहून चक्क हसली. का हसली, ते ऐका.

औशाकडच्या गावात भूकंपानं तिची दोन्ही लेकरं नेली. मूल बंद करायचं ऑपरेशन तर आधीच झालेलं. पुढं नळ्या पुन्हा जोडून घेतल्या, नवरा ग्यानोबा धीर देत राहिला, पण कूस काही उजवली नाही. गाव सुटलं, लातुरात मेस उघडली. दुसऱ्याची लेकरं जेवू घालून हिचा जीव काही भरंना. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की अंडी लई थोडी उरलीत. अंडी सुधारावीत म्हणून तीन महिने डीएचईए नावाची हार्मोनची गोळी घ्यायची, सांगितली तेवढीच, अन् मग लेकरासाठी एक शेवटचा प्रयत्न.

मुरुमं आली ती त्या गोळीनं. तशीच मुरुमं मेसमधल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरींच्या तोंडावर. काकूनं मनाशी ठरवून टाकलं, आपलं वय माघारी यायला लागलंय! औषध लागू पडलंय म्हटल्यावर थांबतंय कोण? परीक्षा जवळ आली की क्लासवाले तास दुप्पट करतात, हे ती दरसाल बघत होती. तिनं गोळी दुप्पट केली. डॉक्टरीणबाईंना विचारलं न्हाई, त्या नको म्हणतील ही धास्ती. हनुवटीला राठ केस आले, ते उपटले. आवाज जाड झाला, तर पोरींवर ओरडून घसा बसला म्हणाली.

मग पाळी चुकली. लेकरू हाती येण्याआधी कुंची शिवू नये म्हणतात, पण धीर कुणाला? काकूनं जुन्या पातळाची कुंची शिवून ग्यानोबाला दाखवली. तो गडी कुंची तोंडाला लावून ढसाढसा रडला.

दवाखान्यात रक्त तपासलं. दिवस गेलेच नव्हते. पुरुषी हार्मोन भलतंच वाढलं होतं अन् त्यानंच पाळी अडली होती. डॉक्टरीणबाई आधी चिडल्या, मग जवळ बसून समजावू लागल्या.

"काकू, एकाच कणकेची पोळी होते अन् पुरीही होते. या गोळीपासून शरीर बाईचं हार्मोन करतं, तसं पुरुषाचंही करतं. म्हणून तर माप ठरवून दिलं होतं."

गोळी बंद झाली. रक्त ठिकाणावर येईस्तोवर प्रयत्नही बंद.

"तवर अंडी ऱ्हातील का, बाई?" काकूनं विचारलं.

"सांगता येत नाही."

काही महिन्यांनी रक्त ठिकाणावर आलं, पण सोनोग्राफीत अंडी काही दिसली नाहीत. आता आशा धरू नका, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. काकू घरी आली अन् पदर खोचून भाकऱ्या थापायला बसली, कारण पोरींची जेवायची वेळ झाली होती.

ताट घ्यायला आलेली क्लासची पूनम तिच्याकडं बघून खूश झाली. बिचारीला काय ठाऊक?

"काकू, तोंड कसं निवळलं बगा तुमचं! मुरुमं पार गेली की."

काकूनं पिठाचा हात हनुवटीवरून फिरवला. सगळ्या पोरींदेखत तिला रडू फुटलं.

"ऱ्हायला पाहिजे होती गं," ती म्हणाली.