परदेशी पॅनेलवरचा भंडारा

ती फिर्याद मी आजही विसरलेलो नाही. निवृत्तीनंतर लोक मला खुनांच्या तपासाच्या गोष्टी विचारतात. मी मात्र सोलरची गोष्ट सांगतो, कारण तिचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे.

तेव्हा माझी नेमणूक दिंद्रुड परिसरात होती. सकाळची हजेरी चालू असताना एक बाई ठाण्यात आल्या. धनगर कुटुंब, मेंढरं आणि थोडी शेती. त्यांच्या सासऱ्यांची फुप्फुसं निकामी होत चालली होती आणि डॉक्टरांनी त्यांना ऑक्सिजनचं मशीन लावलं होतं. मशीन विजेवर चालायचं आणि वीज स्वतःच्या मर्जीवर. म्हणून घरच्यांनी मेंढरं विकून बॅटरीसह सोलर बसवलं. थोड्याच दिवसांत कंपनीची माणसं आली, पॅनेलमध्ये दोष आहे म्हणाली, तपासून परत आणतो असं सांगून पॅनेल उतरवून घेऊन गेली. त्यानंतर त्यांचे फोन बंद.

ठाणे अंमलदाराने त्यांना दिवाणी मामला आहे, कोर्टात जा, असं सांगून टाकलं होतं. हे वाक्य मला कधीच सहन झालं नाही. कितीतरी गुन्हे या वाक्याखाली गाडले जातात. मी बाईंना समोर बसवलं.

"लाईट गेली की मामा भिंतीला धरून बसतेत, साहेब," त्या सासऱ्यांबद्दल म्हणाल्या. "लाईट येईस्तोवर आमी नुसतं त्यांच्या छातीकडं बघत राहतो."

मी फसवणुकीचा गुन्हा दाखल करून घेतला. कंपनीच्या दुकानाला कुलूप होतं, पाटीही उतरवलेली. मग आमच्या एका टेम्पोवाल्या खबऱ्याने खबर आणली: तीच माणसं धारूरला एका घरावर पॅनेल चढवताहेत, आणि माल खोक्यात नाही, गोधडीत गुंडाळून नेलाय. नवा माल गोधडीत कोण आणतं? साध्या वेशात, दोन पंच घेऊन निघालो.

कंपनीचा मालक तिथे जातीने हजर होता. मी गिऱ्हाईक असल्यासारखं विचारलं, माल कुठला? परदेशी, सीलबंद, बंदरावरून थेट तुमच्या गच्चीवर, असं त्याने छाती फुगवून सांगितलं. मी एक पॅनेल उलटा करायला लावला. चौकटीच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे पुसणाऱ्याचं फडकं पोचत नाही, तिथे पिवळी पूड चिकटली होती. घरमालकाला विचारलं, पूजा झाली का? ते म्हणाले, नारळ अजून फोडायचाच आहे. मी ओळख सांगितली, पंचनामा केला आणि स्वारीला ठाण्यात आणलं.

माणूस बोलण्यात पट्टीचा. बिलं, प्रमाणपत्रं, फोटो सगळं टेबलावर मांडलं. पिवळी पूड म्हणजे रस्त्यावरची धूळ, म्हणाला. चौकशीत मी आवाज चढवत नसे. खोटं बोलणाऱ्याला भरपूर बोलू द्यावं, म्हणजे तो स्वतःच अडकतो. त्याला चहा दिला आणि बाईंना बोलावणं पाठवलं. पॅनेल दाखवण्याआधीच मी त्यांना विचारलं, तुमच्या पॅनेलची काही खूण?

"वर चढवायच्या आधी मामांनी समद्यांना मागून खंडोबाचा भंडारा लावलता," त्या म्हणाल्या. "म्होरं लावला तर ऊन अडंल म्हणून मागून."

मी मालकाकडे वळलो. "परदेशात खंडोबाला कोण जातंय बे?"

हवालदाराला हसू आवरलं नाही. मालकाने पाणी मागितलं आणि तो सगळं ओकला. तेच पॅनेल घरोघर फिरत होते. बसवायचे, फोटो काढायचे, पैसे घ्यायचे आणि दोषाच्या नावाखाली उतरवून पुढच्या घरी न्यायचे.

खरी लढाई पुढेच होती. जप्त पॅनेल हा मुद्देमाल, आणि मुद्देमाल खटला संपेपर्यंत खोलीत धूळ खात पडतो. म्हाताऱ्याजवळ तेवढा वेळ नव्हता. मी स्वतः अहवाल लिहिला, डॉक्टरांचा दाखला जोडला, सरकारी वकिलांच्या मागे लागलो. न्यायालयाने सुपुर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत जपून वापरण्याच्या लेखी हमीवर, पॅनेल बाईंच्या ताब्यात दिले. त्या दिवशी मी ताठ मानेने घरी गेलो.

ते पुन्हा बसवायला माणूस बाईंनीच शोधला. येईल त्याला एकच प्रश्न: तुझ्या कामाने दोन पावसाळे काढलेत असं घर दाखव. पहिल्याने गुळगुळीत छापलेलं पुस्तक पुढे केलं, त्याला वाटेला लावलं. दुसऱ्याने चकलांब्यातलं घर दाखवलं. बाई तिथवर गेल्या, बोलावल्यावर माणूस येतो का, हे त्या घरच्या बाईला विचारलं आणि मगच काम दिलं. अशी चौकशी करणारे अधिकारी मी नोकरीत थोडेच पाहिले. आता मला कुणी विचारलं तर सांगतो: वीज कंपनीच्या यादीत सोलर बसवणाऱ्याचं नाव बघा, काम झाल्याशिवाय सगळे पैसे देऊ नका, पण त्याआधी त्याच्या जुन्या गिऱ्हाइकाकडे चहा पिऊन या. माणूस काय विकतो यापेक्षा विकल्यावर सापडतो का, हे महत्त्वाचं, एवढं मला या प्रकरणाने शिकवलं.

उन्हाळ्यात एका दुपारी बाईंचा फोन आला. काय झालं, विचारलं.

"काय न्हाई, साहेब. सकाळधरनं लाईट न्हाई, अन् मामा घोरायलेत."