जीर्ण पान

आईला सगळ्याचा विसर पडत चाललाय; हल्ली "आई" म्हटलं तरी ती वळत नाही, लग्नात ठेवलेल्या नावालाही ओ देत नाही. माहेरच्या नावाला कदाचित देईल, पण ते सांगणारं कुणी उरलेलं नाही, म्हणून तहसील कचेरीत तिच्या जन्मनोंदीची नक्कल मागायला गेले. कारकूनबाईंनी जुनं रजिस्टर तान्ह्या बाळासारखं दोन्ही हातांवर आणलं. टेबलावर ठेवताच त्यातून पिवळा चुरा सांडला.

"पानं जीर्ण झालीत, ताई. उलटताना तुकडा पडला तर नाव जाईल. उलटू?"

मी त्या चुऱ्याकडे बघत राहिले. त्यात कुणाकुणाची नावं असतील. न बघावं तर नाव नुसतं पडून राहणार, बघावं तर बघण्यानंच जाणार.

"उलटा," मी म्हणाले.

त्यांनी आधी उठून पंखा बंद केला आणि मी श्वास रोखला.