आडवाटेनं आलेले पन्नास जण

हसू आलं तर हसा, पण कप खाली ठेवून हसा, नाहीतर ठसका लागेल. आणि मधेच कुणी 'पुढं काय झालं' विचारू नका. पुढं जे झालं ते सांगायला मला अजून जड जातं.

अठ्ठेचाळीस सालचा उन्हाळा. मी तेव्हा निजामाच्या मुलखातल्या गोरेगावला मास्तर होतो. वय पंचवीस, अक्कल त्याहून बरीच कमी, आणि बुडाखाली एक जुनी सायकल. त्या सायकलचा मला इतका गर्व होता की काय सांगावं! सगळे गाडीरस्त्यानं जायचे, मी मात्र आडवाटेनं. पैनगंगेच्या बाजूला ती खोरी आहेत ना, साग आणि पळसांची, तिथल्या सगळ्या पायवाटा मला पाठ. कुठं उतरून ढकलायची, कुठं पाय वर घेऊन नुसतं सोडून द्यायचं, कुठल्या वळणावर खाली दरी आहे, सगळं. मैलोनमैल माणूस दिसायचं नाही. चाकाखाली खडे वाजायचे, बाकी शांत.

त्या उन्हाळ्यात मात्र ती शांतता चांगली नव्हती. निजामाचं राज्य शेवटच्या घटका मोजत होतं आणि बंदुकवाल्या टोळ्या गावोगाव फिरत होत्या. गाव लुटायचं, पेटवायचं, पुढं जायचं. माझी बहीण नदीकाठच्या गावात दिलेली. एके सकाळी त्या दिशेला धूर दिसला. आईनं माझ्याकडं नुसतं बघितलं. मी सायकल काढली.

गाडीरस्त्यावर टोळ्या असणार, म्हणून आडवाटच धरली. हुशारच ना मी! धूळ दिसू नये म्हणून अंगात खाकी शर्ट. गळ्यात शाळेच्या कवायतीची शिट्टी, कारण घंटी मोडलेली आणि उतारावर गुरं आडवी येतात. आता तुम्हीच सांगा, टोळीवाल्यांचाही वेश खाकीच, मग त्या दिवसांत खाकी शर्ट आणि शिट्टी घालून कुणी घराबाहेर पडतं का? मी पडलो.

खिंड ओलांडली आणि उतार लागला. खाली खोऱ्यात पंचवीसेक घरांची एक वाडी. अर्ध्या उतारावर मागचा ब्रेक तुटला. पुढचा तर नव्हताच! सायकल सुटली ती सुटलीच. वाटेत गुरं. मी जिवाच्या आकांतानं शिट्टी फुंकू लागलो. फुर्रर्र! फुर्रर्र!

खाली बघतो तर काय, वाडीतली माणसं घराबाहेर पडलेली! बाया, लेकरं, म्हातारी माणसं, सगळी नाल्याच्या दिशेनं पळत सुटलेली. कुणाच्या हातात गाडगं, कुणाच्या काखेत पोर.

मी मनात म्हटलं, आली टोळी! माझ्या मागूनच आली! वळून बघितलं तर मागं धुळीचा लोट. तो माझ्याच चाकांनी आणि बुजलेल्या गुरांनी उडवलेला, पण हे तेव्हा सुचायला डोकं जागेवर हवं ना! मी दुप्पट जोरानं पायडल मारलं आणि वाडीतून ओरडत निघालो, "थांबा! थांबा! मीबी येऊन राहिलो!"

त्यांनी मागं बघितलं आणि चौपट वेगानं पळाले.

मला वाटलं, काय माणसं आहेत! एकट्या माणसासाठी दोन क्षण थांबवत नाही यांना?

नाल्याच्या अलीकडं एक दगड लागला आणि मी सायकलवरून उडालो. गुडघा फुटला. सायकल टाकली, शर्ट काढून गुडघ्याला गुंडाळला, शिट्टी कुठं पडली देव जाणे. नुसत्या बंडीत आणि धोतरात, धुळीनं माखलेला, लंगडत मी नाल्यात उतरलो. कपारीखाली सगळे दडून बसले होते. मीही त्यांच्यात घुसलो. आता मी कुणासारखाही दिसत होतो. 'हाही कुठून तरी पळून आलाय बिचारा,' असं समजून एका बाईनं सरकून जागा दिली.

समोर एक धट्टाकट्टा गडी दात आवळून पडला होता. सीताराम त्याचं नाव. नाल्यात उडी मारताना त्याचा पाय मोडला होता. नडगीचं हाड कातड्याखाली वर आलेलं दिसत होतं, पण पठ्ठ्या तोंडातून आवाज काढत नव्हता. आवाज ऐकून टोळी येईल ना!

एका म्हाताऱ्यानं माझ्या कानाशी तोंड आणलं. "तुमी मागून आलात. किती हायेत?"

खरं तर मी एकही माणूस बघितला नव्हता. पण एवढं पळून 'कुणीच नाही' कसं म्हणायचं? शिवाय मास्तर ना मी! मास्तराला आकडा माहीत नाही म्हणजे काय!

"पन्नास," मी म्हटलं. "पन्नास तरी."

"बंदुका?"

"सगळ्यांकडं."

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. पन्नास हा शब्द कपारीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत गेला. एक तान्हं लेकरू रडायला लागलं. त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात दाबला. दाबूनच धरला. लेकराचे ओठ काळे पडायला लागले तेव्हा शेजारच्या बाईनं तिचा हात ओढून काढला. बरं, एवढं बघून तरी मी तोंड उघडावं? नाही! मला ते पन्नास जण आता खरंच दिसायला लागले होते.

तेवढ्यात मला जागा देणारी ती बाई उठली. राधाबाई. महिन्यापूर्वी शेजारच्या गावात बाजाराला गेलेला तिचा नवरा गोळी लागून गेला होता, हे मला मागून कळलं.

"माझी सासू घरी राहिली," ती म्हणाली. "आंधळी हाय. गडबडीत कुनी तिला उचललंच न्हाई."

"खाली बस!" म्हातारा म्हणाला. "पन्नास जण हायेत म्हनतो ना ह्यो."

मीही म्हटलं, "बाई, जाऊ नका. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

तिनं माझ्याकडं बघितलं. "एक तर नेला त्यांनी. आता म्हातारीबी देऊ का?"

आणि गेली. आम्ही वीसेक बाप्ये खाली माना घालून बसून राहिलो.

ऊन डोक्यावर आलं, कललं. पाणी नाही. सीताराम घामानं भिजला होता. गोळीच्या आवाजाकडं सगळ्यांचे कान. मी मनातल्या मनात देवाला म्हणत होतो, ती बाई परत येऊ दे.

दुपार उलटता उलटता कुईं कुईं आवाज आला. नाल्याच्या काठावर राधाबाई उभी. ती माझी सायकल ढकलत होती आणि कॅरिअरवर आंधळी म्हातारी, दोन्ही हातांनी सीट धरून बसलेली.

"वर या," राधाबाई म्हणाली. "गावात कुनी न्हाई. कोंबडंसुदिक हाललं न्हाई जाग्यावरून."

"काहून? गेले?" म्हाताऱ्यानं विचारलं.

म्हातारी कॅरिअरवरूनच बोलली, "आले व्हते कवा? म्या सारं ऐकलं की. येकच मानूस व्हता. शिट्टी वाजवत आला, 'थांबा, मीबी येऊन राहिलो' म्हनून वरडला, आन फुडं जाऊन धाडकन पडला!"

मग एकेक डोकं माझ्याकडं वळलं. गुडघ्याला गुंडाळलेल्या खाकी शर्टाकडं.

"मी... मला वाटलं, तुम्ही त्यांना भिऊन..."

वाटलं, आता मार पडणार. पडायलाच हवा होता! पण कुणी हात उचलला नाही. राधाबाईनं सायकल माझ्या हातात दिली आणि सीतारामकडं बोट केलं. "ह्याला न्या आता."

सीतारामच्या पायाला फळ्या बांधल्या, त्याला कॅरिअरवर बसवलं आणि मी ढकलत निघालो. हाडवैद नदीपलीकडं वऱ्हाडात. बहिणीचं गाव वाटेतच लागलं. धूर वणव्याचा होता आणि बहिणीकडची माणसं आठवड्यापूर्वीच नदी ओलांडून गेली होती, म्हणजे माझं येणंच फुकट! त्या खडकाळ वाटेवर दर धक्क्याला सीताराम कण्हायचा आणि दर कण्हण्याला मी म्हणायचो, "माफ करा." सगळ्या वाटेत तो एक शब्द बोलला नाही.

तिन्हीसांजेला पोचलो. हाडवैदानं पाय बघितला आणि हळहळला. "अरारा! पार चुराडा केला की हो! कुनी केलं हे?"

सीतारामनं पहिल्यांदा तोंड उघडलं. माझ्याकडं मान केली.

"पन्नास जन व्हते, बुवा," तो म्हणाला. "त्यातला एक धरून आनलाय."