वीज निघाली कुठून?

खडूचं टोक फळ्यावरच्या विमानाच्या नाकावर टेकवून सर वर्गाकडे वळायचे. "वीज इथं शिरली. शिरली ते राहू द्या. निंघाली कुठून ते सांगा!"

यवतमाळच्या आमच्या कॉलेजात ते इलेक्ट्रिकल शिकवायचे. मी लॅबमध्ये सहायक. विमानावर पडलेली वीज पत्र्यावरून वाहत दुसऱ्या टोकाने निघून जाते, पण जाता जाता आतल्या तारांना झटका देते. तो किती, हे सर कॉम्प्युटरवर काढत. बाहेरच्या एका कंपनीने त्यांना हे काम दिलं होतं. स्वतः मात्र विमानात कधी बसले नव्हते. "बसाले कायले पायजे? मले त्याच्या साऱ्या तारा पाठ हायेत."

एक गणित सुटायला दिवस लागायचा, आणि लाइट हमखास मधेच जायची. सर शांतपणे डबा उघडत. "चला बाई, विमान उतरलं. जेवून घेऊ."

कापसाची ती वाईट वर्षं होती. पोरं कॉलेज सोडून जात होती. जिनिंगचा कारखाना बंद पडल्याने माझा नवरा बाभुळगावला घरी बसला होता, आणि माझी नोकरी वर्षावर्षाच्या कराराची.

विमानातल्या तारेवर जाळीचं आवरण असतं. ते पत्र्याला कुठे जोडलंय, हे नकाशात पाहून कॉम्प्युटरमध्ये भरणं माझं काम. आमच्या लॅबचा रिवाज असा, की आवरण दोन्ही टोकांना जोडायचंच. त्या सवयीने मी एका तारेच्या आवरणाची दोन्ही टोकं जोडलेली भरली. नकाशात एकच जोडलेलं होतं. महिन्याभराने तो नकाशा पुन्हा उघडला तेव्हा चूक दिसली. अहवाल तर कधीच कंपनीकडे गेला होता.

दोन दिवस मी गप्प राहिले. कोणाला कळणारही नव्हतं. तिसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. त्यांनी गणित पुन्हा लावलं. आम्ही सुरक्षित म्हटलेली ती तार सुरक्षित नव्हती.

सरांनी लगेच कंपनीला पत्र सांगितलं, मी टाइप केलं. शेवटी एक ओळ मी आपल्या मनाने घातली: ही नोंद माझ्या हातून चुकली, आणि खाली माझं नाव. सरांनी पेन काढून ती ओळ खोडली.

"सर, चूक माझी आहे."

"शिरली कुठून ते राहू द्या बाई. निंघाली माह्या सहीनं."

कंपनीने आभार मानले, तार दुरुस्त केली आणि पुढचं काम दुसरीकडे दिलं. माझा करार वाढला. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाज अजून वाटते. सर निवृत्तीपर्यंत शिकवत राहिले. त्या तारेबद्दल एक शब्द कधी काढला नाही.

मागच्या वर्षी सर गेले. सरांच्या घरी काकूंनी बोलावून एक फाइल हातात दिली. "तुमच्या लॅबचं काही असंन, पाहून घ्या."

आत त्या पत्राची, ती ओळ खोडलेली पहिली प्रत होती. मी खिडकीशी जाऊन कागद उन्हात धरला. बाकीची ओळ रेघेखालून वाचता येत होती. नावावर मात्र सरांनी इतक्यांदा पेन फिरवलं होतं, की उजेडातही ते दिसेना.