झाकणावर बसलेल्या राऊतमॅडम

डॉ. वैजयंती राऊत यांची माझी पहिली भेट पालघरच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत झाली. मी संशोधनासाठी मुलाखत द्यायला गेले होते. "जिवाणूचं श्वसनाचं एन्झाइम बंद पडलं तर काय होईल?" त्यांनी विचारलं.

"मरेल."

"कशावरून?"

"माहीत नाही," मी कबूल केलं. तरीही त्यांनी मला घेतलं. तुम्ही थाप मारली नाहीत म्हणून, असं पुढे त्यांनीच सांगितलं.

मॅडमचं सारं काम सायटोक्रोम बीडी या जिवाणूंच्या एन्झाइमवर आहे. आपल्या पेशींत श्वसनाच्या शेवटच्या टप्प्यावर जे एन्झाइम ऑक्सिजनचं पाणी करतं, त्यात लोहाशेजारी तांबं असतं. हायड्रोजन सल्फाइड वायू नेमका तिथेच ठाण मांडतो आणि श्वसन थांबतं. बीडीची घडण निराळी, त्यात तांबं नाही. म्हणून काही जिवाणू त्या विषारी वायूतही तग धरतात. असे जिवाणू शोधायला आम्ही तारापूरच्या एका कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीतला गाळ आणत असू.

एका दुपारी आम्ही पोचलो तेव्हा टाकीचं झाकण उघडं होतं. पंप गाळाने अडला होता आणि मासवणकडचे सखाराम नावाचे कामगार आत उतरण्यासाठी कमरेला दोर बांधत होते.

"वायू मोजलात का?" मॅडमनी तिथल्या मुकादमांना विचारलं.

"कशाला? मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात, टाकीत जिवाणू मजेत जगतायत. म्हणजे हवा चांगलीच असणार."

मॅडमचा चेहरा उतरला. "जिवाणूंचं एन्झाइम वेगळं आहे. ते जगतात म्हणून माणूस जगेल असं नाही."

"आता तं वास पण येत नाय, मॅडम," सखाराम म्हणाले. "मगाशी येत व्हता."

वायू फार वाढला की नाकाला तो कळेनासा होतो. मॅडमनी लोखंडी झाकण टाकीवर ओढून घेतलं आणि त्यावर बसल्या.

"उठा," मुकादम म्हणाले, "नाहीतर उद्यापासून गाळ मिळणार नाही."

माझ्या संशोधनाची दोन वर्षं वाया जाताना मला दिसू लागली. मी वाकून कुजबुजले, "मॅडम, आपण कशाला मध्ये पडायचं?" त्यांनी माझ्याकडे फक्त पाहिलं. त्या नजरेची लाज मला आजही वाटते.

बातमी कळून तासाभराने कारखान्याचे सुरक्षा अधिकारी वायुमापक घेऊन आले, तेव्हाच मॅडम उठल्या. दोरीने खाली सोडलेलं ते यंत्र हातभर जाताच किंचाळू लागलं. सखाराम कमरेचा दोर सोडू लागले. गाठ त्यांना सुटेना. "मी उतरलोच व्हतो," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्या कारखान्याचं फाटक आम्हाला बंद झालं. माझं संशोधन वर्षभर मागे पडलं आणि मी मॅडमवर मनातून चिडले, हे इथे कबूल करते. त्या मात्र तसेच जिवाणू शोधायला शिरगावच्या खाडीतल्या चिखलात माझ्यासोबत गुडघाभर उतरत राहिल्या. माझा प्रबंध त्याच चिखलातल्या जिवाणूंवर झाला.

आज मॅडम साठ वर्षांच्या होत आहेत. नुकतीच गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, तरी सोमवारी प्रयोगशाळेत येते, असा त्यांचा निरोप आला आहे. मॅडम, सावकाश या. आपल्याला निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. घाई काहीच नाही. आम्ही आहोत.